दोरी लावून आखलेली गल्ली

नकाशाची गुंडाळी काखेत धरून ती गल्लीत शिरली, तेव्हा मामा दारातल्या पायरीवर बसून करवतीचे दात कानशीने घासत होता. पंधरा वर्षं दगडखाणीत ड्रिल मशीन चालवून त्याचे कान निम्मे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता.

“आल्या का बुटक्याबाई!” तो ओरडला, आणि समोरच्या दोन-तीन खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

ती आता मामापेक्षा दोन बोटं उंच होती. पण चार वर्षांची असताना आई गेली, मामाने तिला उचलून घरी आणलं, आणि दाराच्या कडीला तिचा हात पोचत नाही म्हणून जे नाव ठेवलं ते राहिलं. गंमत अशी की पुढे तिला नोकरीही मिळाली ती उंची-खोलीचीच. जमिनीच्या नकाशांच्या कचेरीत उपग्रहाचे फोटो सरळ करायचं तिचं काम.

एरवी ती घरी आली की आधी मामीच्या खाऊच्या डब्यात हात घालायची. आज तशीच उभी राहिली. मामीने एकदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं.

“काय झालं गं?”

“मामी, आपली गल्ली रेषेच्या आत येतेय.”

रेष कसली, ते गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गल्लीच्या पश्चिमेला ओढा होता. गेल्या तीन वर्षांत त्याचा काठ ढासळत चालला होता. एका वस्तीतलं तर अख्खं घर भांड्याकुंड्यांसकट खाली गेलं होतं. माणसं वाचली ती केवळ बाहेर होती म्हणून. तेव्हा ठरलं, काठापासून साठ मीटरच्या आत घर नको. चाळीस किलोमीटरचा ओढा, दोन्ही काठांना वस्त्या. टेप धरून कोण कुठे कुठे फिरणार? म्हणून उपग्रहाचा फोटो घ्यायचा, सरळ करायचा, त्यावर रेष मारायची आणि आतली घरं उठवून दूर माळावर न्यायची. नकाशा आधी लोकांना दाखवायचा, पंधरा दिवसांनी समितीपुढे ठेवायचा. तो नकाशा तिच्याच हातचा होता. गल्लीतल्या चाळीस घरांपैकी एकतीस आत होती.

तिने जमिनीवर नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर मामीच्या रिळांचा डबा, कात्री, तांब्या आणि मामाची करवत ठेवली. मामा गुडघ्यावर ओणवा झाला.

“मधल्या घरापासून काठ किती दाखवतेस?”

“अठ्ठावन्न.”

“हॅ! मी स्वतः टेपने मोजलंय. एक्क्याण्णव. शेजारचा शिंपी होता टेपच्या दुसऱ्या टोकाला, विचार त्याला.”

“मामा, प्रत्येक वस्तीतले लोक हेच म्हणतात. आमच्या टेपने एवढं, आमच्या पावलांनी तेवढं.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

“ओरडू नकोस ना.”

“मी कुठे ओरडतोय!” तो ओरडला.

 मामी नकाशाकडे बघत होती, पण जशी शिवणाऱ्या बाईची नजर कापडाकडे जाते तशी. आकडे नाही, कडा बघत होती. तिने बोट टेकवलं आणि हळूच गल्लीवरून फिरवलं.

“ही आपली गल्ली?”

“हो.”

“मग ही वाकडी का?”

“कुठे वाकडी?”

“अगं, बघ की. दोन टोकं जागच्या जागी आणि मधे पोट सुटल्यासारखी ओढ्याकडे फुगलीय. चुकीच्या ताणाने शिवण मारली की कापड असं फुगतं.” मामीने मान वर केली. “आपल्या गल्लीत उभं राहून या टोकापासून त्या टोकाचा माणूस दिसतो. तुझ्या मामाने दोरी लावून आखलीय. खाण बंद पडली, सपाट जमीन कामगारांना मिळाली, तेव्हा तीन दिवस दोरी आणि खुंट्या घेऊन नाचत होते हे. एक घर वीतभर पुढे आलं तर पाया उखडायला लावला.”

“दोन वीत,” मामा म्हणाला. “आणि त्याने शिव्या दिल्या त्या वेगळ्या.”

ती दारात गेली. गल्ली सुतासारखी सरळ होती. वरच्या टोकाला एक बाई चटई झटकत होती, तिच्या हाताची बोटंसुद्धा मोजता आली असती. मागे वळून तिने नकाशा पाहिला. खरंच, गल्ली धनुष्यासारखी वाकलेली होती. एवढे दिवस ती नकाशातल्या गल्लीकडे रोज बघत होती आणि तिला दिसलं नव्हतं. तिने रेष पाहिली होती, आतली घरं मोजली होती, आपलं घर शोधलं होतं. गल्ली काही पाहिली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेब मितभाषी. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कागदांवर लाल पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता: “का?” नवीन माणसं त्या शब्दाने रडकुंडीला यायची.

“साहेब, आधी एक सांगते. त्या गल्लीत माझे मामा-मामी राहतात. मला वाढवलं त्यांनी.”

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मग तुम्ही त्या भागाला हात लावू नका. उद्या लोक म्हणतील, भाचीने नकाशा वाकवला.”

“नकाशा आधीच वाकलाय, साहेब. तोच सरळ करायचाय.”

“तुमची तपासणी झाली होती ना? जमिनीवर मोजलेल्या चौदा खुणांशी ताडून?”

“झाली होती. तीन मीटरच्या आत चूक. पण चौदाही खुणा पुलांवर नाहीतर जुन्या रस्त्यांच्या चौकात आहेत. नव्या वस्त्यांत एकही नाही.”

साहेबांनी नकाशा जवळ ओढला. गल्लीवर पट्टी ठेवली. पट्टीच्या एका बाजूने गल्ली बाहेर डोकावत होती. 

“एका गल्लीपुरता टेप चालेल हो,” ते म्हणाले. “पण इथे नकाशा चुकला, तर आणखी कुठे चुकला असेल? कारण कळल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि कारण असं हवं की ते तुमच्या मामांना न ओळखणाऱ्यालाही पटेल.” त्यांनी पेन्सिल उचलली आणि वाकलेल्या गल्लीच्या पोटात लिहिलं: का?

ती जागेवर येऊन बसली. फोटो कसा सरळ होतो ते ती नवीन मुलांना नेहमी सांगायची. उपग्रह काही डोक्यावर येऊन फोटो काढत नाही. बऱ्याचदा तो बाजूने, तिरका बघतो. आणि तिरकं बघितलं की उंच जागा पलीकडे कललेली दिसते. जितकी उंच तितकी जास्त कललेली. मग काँप्युटर प्रत्येक ठिकाणी विचारतो, इथली जमीन किती उंच? आपण उंची सांगितली की तो तेवढं अंतर तिला अलीकडे ओढून जागेवर बसवतो. त्याला उंची सांगायला एक फाइल लागते. ती इंटरनेटवर मिळते. साऱ्या पृथ्वीच्या उंच्या, दर तीस मीटरला एक आकडा. कोणीही यावं, घेऊन जावं.

या फोटोत उपग्रह ओढ्याच्या बाजूने बघत होता. म्हणजे उंच जागा काँप्युटरने ओढ्याकडे ओढली असणार. पण गल्ली तर तळहातासारखी सपाट. तिला कशाला कोण ओढेल?

तिने आजवर न केलेली एक गोष्ट केली. फोटो बाजूला ठेवला आणि उंचीची फाइलच नुसती उघडली. ओढ्यापासून गल्लीच्या पलीकडपर्यंत एक रेघ मारली, आणि त्या रेघेवर जमीन कशी चढते-उतरते ते पडद्यावर मागितलं.

रेघ ओढ्यापाशी खाली होती. मग जराशी सपाट चालली. आणि मग चढायला लागली. चढली, चढली, बासष्ट मीटर चढली, माथ्यावर जरा विसावली, आणि पलीकडे उतरली.

तिचे हात कीबोर्डवरच राहिले.

टेकडी होती ती. तिची टेकडी. अलीकडून अंगावर येणारी, पलीकडून सावकाश उतरणारी, माथ्याला बसायला जागा ठेवलेली. आईला पोचवून आल्यावर चार दिवस ती जेवत नव्हती, तेव्हा मामा तिला खांद्यावर बसवून तिथे वर घेऊन गेला होता. म्हणाला होता, “बघ बुटके, आता सगळ्या गावात सगळ्यात उंच कोण?” आणि तिने वरून खालची घरं पाहत मुठीतला घास खाल्ला होता.

मग खाण आली. मामाला काम लागलं. टेकडी रोज थोडी थोडी जात होती आणि रोज थोडं जाणारं डोळ्यांना दिसत नाही. ती शिकायला बाहेर गेली तेव्हा अर्धी होती. परत आली तेव्हा जागेवर सपाटी आणि सपाटीवर गल्ली. मामी पदरच्या ओळी जुळवायची, तशा तेव्हाही जुळवल्या होत्या आणि शिवणयंत्राच्या तालावर त्या गुणगुणायची:

टेकडी गं गेली बाई टोपली टोपलीनं,
पायवाट शोधी तिला उन्हाच्या सोबतीनं.

आणि इथे, या आकड्यांत, ती अजून उभी होती. फाइलच्या तळाशी तारीख होती: पंचवीस वर्षांपूर्वीची. ती तारीख तिने फाइल उतरवताना वाचलीही होती. वाचून पुढे गेली होती. औषधाच्या बाटलीवरची तारीख माणूस बघतो. डोंगराला कोण विचारतं, तू कधीपर्यंत चालशील म्हणून?

तिने सांगितलं होतं, इथे टेकडी आहे. काँप्युटर बिचारा शहाण्यासारखा वागला. ताठ उभ्या पोराला तू कललायस म्हणून ढकलावं, तसं त्याने सरळ गल्लीला ओढ्याकडे ढकललं. बासष्ट मीटरच्या नसलेल्या उंचीसाठी तेहतीस मीटर. एक्क्याण्णवातून तेहतीस गेले की अठ्ठावन्न.

मामाचा टेप सेंटिमीटरलासुद्धा चुकला नव्हता.

ती साहेबांच्या टेबलापाशी गेली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं. साहेब गोंधळले. त्यांना कागदावर “का?” लिहिता यायचं, रडत हसणाऱ्या बाईला काय विचारायचं ते येत नव्हतं.

“पाणी हवंय का?” ते म्हणाले.

“टेकडी सापडली, साहेब.”

*

साहेबांना कारण पटलं, पण पटण्यावर ते थांबणारे नव्हते. इंटरनेटवर दुसरी, नंतरची फाइल मिळाली. तिच्यात टेकडी अर्धी होती, खायला घेतलेल्या भाकरीसारखी. आजची जमीन कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. ती जागेवर जाऊनच आणायला हवी होती.

“मोजणी मी करणार,” साहेब म्हणाले. “हिशेब पलीकडच्या खोलीतली मुलं करतील, घरं कोणाची ते न सांगता, त्यांवर नुसते आकडे घालून. तुम्ही फक्त रस्ता दाखवा.”

“चालेल,” ती म्हणाली. आणि तिला मनापासून बरं वाटलं. आपल्याला काय हवंय हे तिला चांगलं माहीत होतं, म्हणूनच आपल्या हाताचा भरवसा तिला नको होता.

शनिवारी सकाळी साहेब यंत्र घेऊन गल्लीत आले. खांबावर थाळीसारखं यंत्र, ते जमिनीवर धरून उभं राहायचं आणि आकाशातल्या उपग्रहांकडून त्या जागेचा पत्ता आणि उंची घ्यायची. गल्ली बघायला लोटली. मामाने पहिल्या पाच मिनिटांत साहेबांना मदतनीस करून टाकलं.

“साहेब, खांब सरळ धरा! डावीकडे जातोय.”

“यंत्रात बुडबुडा आहे हो, तो बघून धरलाय.”

“बुडबुड्याला काय कळतं! मी पंधरा वर्षं ड्रिल धरलंय.”

साहेबांनी बुडबुडा पाहिला. खांब खरंच जरासा डावीकडे होता. त्यांनी निमूट सरळ केला, आणि त्यानंतर प्रत्येक जागी खांब टेकवला की आधी मामाकडे बघायला लागले. मामा मान हलवायचा, मगच आकडा उतरायचा. मामीने दोनदा चहा पाठवला, शिंप्याने एकदा. साहेबांनी गल्लीच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटला, दुसऱ्या टोकाकडे पाहिलं आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “सरळ आहे बुवा.”

बुधवारी नवा नकाशा तयार झाला. साहेबांनी तो स्वतः तिच्या टेबलावर आणून ठेवला. गल्ली रेघ ओढल्यासारखी सरळ होती. एकतीसपैकी एकोणतीस घरं रेषेच्या बाहेर गेली होती.

दोन आतच होती. गल्लीच्या खालच्या टोकाची, जिथे ओढा वळण घेऊन जवळ येतो. शेवटून दुसरं शिंप्याचं, सत्तावन्न मीटर. शेवटचं मामाचं, बावन्न.

तिने जुना नकाशा नव्यावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर धरले. सगळी घरं सरकली होती. ती दोन एका जागी होती, जुन्यातही आणि नव्यातही. तिथे टेकडीचा पायथाही पोचत नव्हता. तिथे आधीही चूक नव्हती, आताही नव्हती.

“पुन्हा मोजू?” साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी मोजलं असतं, शंभर वेळा.

“नको,” ती म्हणाली. “बरोबर आहे.”

*

सांगायला जाताना या वेळी तिने गुंडाळी काखेत घेतली नाही, दोन्ही हातांत धरली. मामा पायरीवरच होता. तिने नकाशा त्याच्या मांडीवर उलगडला आणि बोट ठेवून सगळं सांगितलं. मामी शेजारी येऊन बसली.

मामाने गल्लीवरून बोट फिरवलं.

“गल्ली सरळ आली,” तो म्हणाला. पहिल्यांदाच इतक्या हळू.

“हो. पण मामा, आपलं घर—”

“ऐकलं मी. एवढा काही बहिरा नाही.” त्याने खालच्या टोकावर अंगठा ठेवला. “ही पहिली खुंटी. इथून दोरी सुरू केली. ओढा जवळ म्हणून ही जागा कोणी घेईना. म्हटलं, दोरी माझी, तर पहिली खुंटीही माझीच. शिंपी म्हणाला, मग दुसरी माझी.” त्याने ओढ्याकडे पाहिलं. “गेल्या पावसात काठाचं ढेकूळ पडलं ना, तो आवाज मला ऐकू आला होता. मला! म्हणजे केवढा असेल. हिला बोललो नाही.”

“मलाही आला होता,” मामी म्हणाली. “मीही नाही बोलले.”

दोघं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मामी तोंडाला पदर लावून हसत सुटली. “अहो, दोघं दोन भिंतींकडे तोंड करून जागे!”

“मामा, हे माझ्या नकाशाने केलं,” ती म्हणाली.  “एकोणतीस घरं सोडवली आणि तुमचंच—”

“वेडी आहेस का तू?” मामाचा आवाज परत आला. “तू आमचं घर बाहेर काढलं असतंस, तर लोक म्हणाले असते भाचीचा नकाशा. उरलेल्या एकोणतीस जणांनाही झोप लागली नसती. आता बोलून दाखवावं कोणी!” मग तो खाली वाकला, जणू नकाशाशीच बोलला. “तू खरं सांगितलंस. मी तुला एवढंच शिकवलं, दोरी ताणून धर. तू धरलीस.”

संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं. ज्याने एके काळी दोन वीत पायासाठी शिव्या घातल्या होत्या, तोच पहिला आला. वरच्या टोकाला गल्लीने दोन जागा मोकळ्या ठेवल्या होत्या, पुढेमागे वाचनालय बांधू म्हणून.

“वाचनालय कुठे पळून जात नाही,” तो म्हणाला. “एक जागा तुमची, एक शिंप्याची. गल्लीने ठरवलंय.”

“गल्लीने कधी ठरवलं?”

“आत्ता. मी येता येता सगळ्यांची दारं वाजवली.”

 मामा उठून आत गेला आणि उगाचच कानस शोधू लागला. कानस त्याच्या हातातच होती.

साहेबांनी मंजुरीसाठी एक पान लिहिलं, बदली जागा त्याच गल्लीत द्यावी म्हणून. शेवटी अहवालात एक सूचना घातली: फोटो सरळ करण्याआधी उंचीच्या फाइलची तारीख बघावी, आणि गेल्या पंचवीस वर्षांत कुठे डोंगर कापला ते तिथल्या माणसांना विचारावं. जुन्या नकाशावरचा लाल पेन्सिलचा “का?” त्यांनी खोडरबराने पुसला, आणि त्या जागी तिचं, मामाचं आणि मामीचं नाव लिहून “आभार” असं लिहिलं. कचेरीच्या कागदांवर तो शब्द याआधी कोणी पाहिला नव्हता.

तिनेही आभार मानले. ज्या संकेतस्थळावरून उंचीची फाइल घेतली होती तिथे खाली एक चौकट होती: या माहितीचा तुम्हाला काय उपयोग झाला? ती चौकट कोणी भरत नसणार. तिने भरली. लिहिलं, की तुमच्या फाइलमुळे माझा नकाशा चुकला, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही बघितलं तेव्हा टेकडी होती. ज्यांनी ती मोजली, ज्यांनी आकडे नीट करून कुलूप न लावता ठेवून दिले, त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. आमच्याकडे तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. इथे आता ती नाही. तुमच्याकडे आहे. सांभाळलीत, म्हणून.

त्याच आकड्यांवरून तिने टेकडीचं चित्र काढून घेतलं, उतारावर ऊन-सावली पाडून, आणि मोठ्या कागदावर छापून मामाला दिलं. मामाने ते दोन्ही हातांनी लांब धरलं. मग एका नखाने माथ्यावरची सपाट जागा बरोबर दाखवली.

“इथे जेवलीस तू.”

“हो.”

“मीच फोडली ही,” तो म्हणाला. “ही फोडायच्या मजुरीवरच तू शिकलीस. रागावली नाही बघ. इतकी वर्षं आकड्यांत जाऊन उभी राहिली, आणि वेळेला परत आली.”

 मामीचं शिवणयंत्र सुरू झालं, आणि ओळ जरा बदलली होती:

टेकडी गं आली बाई कागदाच्या पावलानं,
लेकीनं ओळखली चढाच्या त्या वळणानं.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी वरच्या टोकाला मामाने पहिली खुंटी ठोकली. शिंप्याने दुसरी. गल्लीतली निम्मी माणसं सल्ले द्यायला आणि उरलेली ते खोडायला जमली. साहेबही आले होते, सुट्टीच्या दिवशी, यंत्र न घेता. एका डोळ्याने सगळीकडे बघत होते.

मामाने दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन चालत चालत लांब गेला. शेवटच्या जुन्या घराच्या कोपऱ्याला दोरी लावून वाकला, एक डोळा मिटला.

“ढिली सोडू नकोस, बुटके!”

सगळ्या गल्लीने ऐकलं. तिने दोरी मनगटाला एक वेढा देऊन घट्ट धरली, आणि ताणली.